आचलच्या रक्तातला भित्रा जंतू

मित्रांनो, मी हिवतापाचा एक जंतू आहे. माझं कुळ फार जुनं, पण हिंमत म्हणाल तर शून्य. हे सांगतानाही माझा जीव टांगणीला लागला आहे.

पूर्वेकडच्या धानपट्ट्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या एका गावात, धानाची रोवणी चालू असताना, एका डासानं मला सहावीतल्या आचलच्या अंगात सोडलं. आधी मी तिच्या यकृतात लपलो, मग रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरलो. मला ऐकू कसं येतं ते विचारू नका. रक्तात राहिलं की घरातलं सगळं कळतं.

मला एकच गोष्ट नीट जमते, रक्ताची चव घेणं. अन्न भरपूर असलं की आम्ही एकाचे पुष्कळ होतो. अन्न कमी पडलं की घाबरतो आणि हात आखडता घेतो. मरत मात्र नाही हं, दबा धरून बसतो. आणि रक्तातली एक ठरावीक चरबी आटू लागली, की आमच्यातले काही वाढणंच सोडतात. नर-मादी होऊन डासाची वाट बघत बसतात, कारण आता इथून निघायला हवं हे त्यांना कळलेलं असतं.

आचलला थंडी वाजून ताप भरला. गावातल्या आशा कार्यकर्तीनं, रुचीनं, तिचं बोट टोचून रक्त तपासलं, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तिच्या आईला, प्रेमिलाबाईंना, बजावलं, "बरं वाटलं तरी पूर्ण खाऊ घाला." पहिल्याच दिवशी आमच्यात हाहाकार उडाला. किती भाऊबंद गेले, सांगवत नाही. मी एका पेशीत अंग चोरून बसलो.

दुसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला आणि नेमके तिचे वडील चैतराम धानाच्या बांधीतून कुडकुडत घरी आले. रोवणी अर्धी राहिलेली, मजुरीच्या बाया सांगून ठेवलेल्या. घरचा माणूस आडवा पडून कसं चालेल?

"ह्या गोळ्या तुमी खा," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"पोरीच्या होत ना त्या?"

"तिले बरं वाटून राहिलं. आता तिले कायले पायजेत?"

असा मी वाचलो. बापलेकीनं औषध वाटून घेतलं आणि दोघांच्याही अंगात आम्ही उरलो.

आचल जेवू लागली. भात, वरण, दूध. आम्हाला तर आवरेचना. वाढलो, फुटलो, पुन्हा वाढलो. मग एका दुपारी ती तापानं फणफणली आणि आईकडे बघत म्हणाली, "ही बाई कोण होय?"

प्रेमिलाबाई रुचीला बोलवायला धावल्या. मला काळीज नाही, तरी माझाही थरकाप उडाला. ती गेली तर आम्ही सगळेच जाणार होतो आणि आम्हाला थांबता येत नव्हतं. आम्हाला अन्न मोजता येतं. पोरीचं शरीर किती सोसेल, ते मोजता येत नाही. ती चरबी आटते आहे, हे मला आधीच कळलं होतं, म्हणून मी वाढ सोडली आणि नर होऊन तिच्या हाडांत दडलो.

तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लागलं, इंजेक्शनं झाली. वाढणारे सगळे मेले. आचलनं डोळे उघडून "आई" म्हटलं, तेव्हा प्रेमिलाबाई रुचीजवळ रडल्या. "मीच वाटल्या जी गोळ्या. घरचाच माणूस होता ना."

"वाटून खायले तो का भात होय, वहिनी?" रुची म्हणाली. चैतरामला तिनं त्याच्या वेगळ्या गोळ्या दिल्या.

आता आचल घरी आहे. मी हाडांतून बाहेर रक्तात आलो आहे. संध्याकाळ झाली, डास निघाले आहेत, आणि तिच्या तळहातावर शेवटची गोळी आहे, खास माझ्यासारख्या दडून बसणाऱ्यांसाठीची.

"कडू आहे. उद्या खाईन," ती म्हणते आहे.

मित्रांनो, माझी हात जोडून विनंती आहे, तिला गोळी उद्यावर ढकलू द्या. तुम्हीही तसंच करा. बरं वाटलं की गोळ्या डब्यात टाका, वाटून टाका, विसरून जा. आमची लेकरंबाळं त्यावरच जगतात.

प्रेमिलाबाईंनी पाण्याचा गिलास पुढे केला. आचलनं गोळी गिळली. आईचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली आणि नीट वाकून बघितलं. तोंडात काहीही उरलं नव्हतं.