वाडीची दोन मतं

नरेंद्र मला कधीच आवडला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याची काही चूक नव्हती. माझ्या बायकोचं, राहीचं, माहेर टोकावड्याजवळ. तोही त्याच गावचा. माझ्या आधी त्याने तिला मागणी घातली होती. तिच्या बापाने नाही म्हटलं, एवढंच. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तो दिसला की माझं डोकं फिरायचं. तो शिकलेला, मोटारसायकलवरून हिंडणारा. मी सिद्धगडाच्या पायथ्याला भात-नाचणी करणारा. जळायला आणखी काय लागतं?

२००७ साली तो पंचायत समितीला उभा राहिला. समोर दहा वर्षं निवडून येणारा केरूशेठ. तिसरी धसईची संघरत्ना, सरकारी नर्सची नोकरी सोडून अपक्ष उभी राहिलेली. आमच्या वाडीला या कशाशी देणंघेणं नव्हतं. ओढ्यावर साकव बांधून देतो म्हणून केरूशेठने दोनदा मतं नेली होती, पण ओढ्यावर साधी फळीसुद्धा पडली नव्हती. देवळापुढे बैठक झाली आणि ठरलं, यंदा वाडीतलं कुणीच मत द्यायचं नाही. सगळ्यात मोठ्याने मीच बोललो. सगळे सारखेच, कुणाला निवडून काय फरक पडतो, असं बरंच काही.

घरी आल्यावर राही शांतपणे म्हणाली, "मी जानार हाय मत द्यायला."

कुणाला देणार, हे तिने सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं. ती तांदूळ निवडत राहिली.

मग माझ्या मनाने जे घ्यायचं ते घेतलं. प्रचाराला आला तेव्हा नरेंद्र आमच्याच ओट्यावर टेकला होता. राहीने त्याला पाणी दिलं, 'नरू' म्हणाली, माहेरच्या कुठल्याशा म्हशीवरून दोघं हसली. माझ्याशी बोलताना ती तशी कधी हसल्याचं मला आठवेना. दोन रात्री झोपलो नाही.

मतदानाच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, लोकांची बोलणी ऐकत, उघड खाली शाळेतल्या केंद्रावर गेली. मी भाताच्या राबासाठी झाडाच्या फांद्या, टाळ तोडायला जातो म्हणून कोयता घेऊन रानात शिरलो आणि मागच्या वाटेने, ती परतल्यावर, त्याच केंद्रावर पोचलो. नरेंद्राला पाडायची ताकद केरूशेठमध्येच होती. त्याचंच बटण दाबलं. बोटाला शाई लागली तर वर चिंधी गुंडाळली आणि कोयता लागला म्हणून सांगितलं. राही हळद घेऊन आली. नको म्हटलं तर चिंधीकडे बघून परत गेली.

मोजणीच्या दिवशी वाडीतला नवशा मुरबाडहून संध्याकाळच्या एसटीने आला. केरूशेठ निवडून आला होता. देवळापुढे सगळे जमले. आमच्या वाडीचं यंत्र वेगळं, त्यामुळे आकडाही वेगळा निघाला होता. नवशाने कागद वाचला. मतं पडली दोन. केरूशेठ एक, नर्सबाई एक, नरेंद्र शून्य.

शून्य! मला उठून नाचावंसं वाटलं. बारा वर्षांचं ओझं एका आकड्याने उतरलं. केरूशेठला मत देणारा कोण, म्हणून लोक राहीकडे बघायला लागले, तेही मला आनंदात उशिराच दिसलं. ती म्हणाली, "मी बाईला दिलं," आणि घराकडे चालायला लागली.

मी मागोमाग गेलो. दारात गाठून म्हटलं, मला वाटलं तू नरेंद्राला देणार, म्हणून मी केरूशेठला दिलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नरू माझ्या डोक्यातपन नव्हता," ती म्हणाली. "सात वर्सांमागं माझ्या बाळंतपनाला ओढा भरलेला, मला पल्याड नेता आलं नाय, आपली पोर ह्याच काठाला गेली. तवा ओढ्यातनं दोराला धरून ती बाईच एकटी माझ्याजवळ आली व्हती."

मी मान खाली घातली. त्या मुलीबद्दल आम्ही घरात कधीच बोलत नव्हतो.

"तुमच्या बोटाची चिंधी बघितली तवाच वळखलं, तुमीपन जाऊन आलात," राही म्हणाली. "मला बरं वाटलं. म्हनलं, बाप पोरीसाठी गेला."