शेवटच्या इलेक्ट्राची मागची बाकं

आठ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी, साओ पाउलोहून रिओला जाणाऱ्या विमानात, सेउ ओनोफ्रेने दोना लेओनोरकडे तिच्या घरचा फोन नंबर मागितला होता. तिकडे सेउ म्हणजे राव आणि दोना म्हणजे बाई. दोना लेओनोर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यात नुकतीच नवऱ्याने टाकलेली, त्यामुळे सगळ्या पुरुषजातीवर खार खाऊन. तिने फणकाऱ्याने सुनावलं, "सेन्योर, विमानातली ओळख शिडीवरच सोडून जायची असते."

ओनोफ्रे चष्म्याच्या काचा विकणारा सरळमार्गी माणूस. त्याने हे वाक्य देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. पुढे दर शुक्रवारी तो भेटला, बोलला, हसला, आणि रिओला उतरल्यावर शिडीच्या शेवटच्या पायरीवर टोपीला हात लावून निघून गेला. परत कधी नंबराचं नाव काढलं नाही. पहिली दोन वर्षं लेओनोरला याचं बरं वाटलं. नंतर राग येऊ लागला. माणसाने शब्द पाळावा, पण इतका?

भेटायची जागा एकच होती. इलेक्ट्रा नावाच्या त्या विमानाच्या शेपटाकडे, सगळ्या रांगांच्या मागे, अर्धगोल बाकं होती. पुढे बसलं की कुणाच्या तरी टकलाचं दर्शन घ्यायचं. इथे मात्र माणसं समोरासमोर बसत, गुडघ्याला गुडघे लागत, आणि इंजिनांच्या चारही पंख्यांची घरघर सुरू झाली की अनोळखी माणसंही मोकळी होत.

हे विमानही तसं टाकलेलंच. उत्तरेकडच्या कुठल्याशा बड्या कंपनीने जेटच्या नादी लागून विकून टाकलेलं. इथे येऊन त्याने आधी समुद्रापारच्या लांब फेऱ्या केल्या, मग या दोन शहरांत येरझारा. रिओची धावपट्टी आखूड, दोन्ही टोकांना पाणी. कित्येक वर्षं या म्हातारीशिवाय तिथे कुणाचं पान हलत नव्हतं.

"टाकलेली बाई दुसरीकडे कशी मानाने नांदते, बघा," लेओनोर एकदा बोलून गेली आणि मग खिडकीबाहेर बघत बसली. ओनोफ्रेने पेरूच्या वडीचा डबा तिच्यापुढे सरकवला. लेओनोरला वाटतं, ती त्याच्या प्रेमात पडली असेल तर त्या डब्यापाशी.

मग त्या आखूड पट्टीवरही उतरणारी जेट आली. जो तो सांगू लागला, पंधरा मिनिटं वाचतात! "वाचवून ठेवणार कुठे? बँकेत?" लेओनोर विचारी. पण तिच्या विचारण्याने काय होणार? इलेक्ट्रा निवृत्त होणार असं जाहीर झालं.

"पुढच्या शुक्रवारी शेवटची," ओनोफ्रे म्हणाला होता. "मागच्याच बाकावर?"

"मागच्याच," ती म्हणाली होती. आणि आठवडाभर तिने मनाशी घोकलं होतं की त्या दिवशी आपण आपला नियम आपल्याच हाताने मोडायचा. नाहीतर हा सज्जन माणूस टोपीला हात लावून कायमचा दिसेनासा व्हायचा.

पण शुक्रवारी विमानतळावर पाहते तो काय! शेवटचं उड्डाण फक्त निमंत्रितांसाठी. मंत्री, साहेबलोक, फोटोवाले, बँडसुद्धा. बाकीच्यांनी जेटने जावं. या मार्गावर जागा राखून ठेवायची पद्धत नव्हती. नंबराचं कार्ड घ्यायचं आणि पुढचं जे येईल त्यात चढायचं. लेओनोरने कार्ड घेतलं. ओनोफ्रे कुठे दिसेना. तिने एक जेट सोडलं, परत कार्ड घेतलं, दुसरंही सोडलं.

"दोना लेओनोर, कार्डं जमवताय की काय?" काउंटरवरची झिस्लेनी हसली.

"तू तुझं काम कर, पोरी."

बाहेर बँड वाजला. चार पंखे एकामागून एक फिरू लागले, आणि म्हातारी जड अंगाने वळून धावपट्टीकडे निघाली. काचेला नाक लावून उभ्या असलेल्या लेओनोरला रडू आलं. तिने डोळे पुसलेही नाहीत. आपलंच वाक्य आपल्या पायावर धोंड्यासारखं पडलंय, असं तिला वाटलं.

"नाही जाऊ दिलं," मागून आवाज आला. ओनोफ्रे होता, घामाघूम, टाय वाकडा झालेला. "दुपारपासून त्या निमंत्रितांच्या दारावर भांडतोय. म्हटलं, आठ वर्षं मागच्या बाकावर आम्ही बसलोय, तुमचा मंत्री एकदा तरी बसलाय का? दोन जागा मागितल्या होत्या. एकही दिली नाही."

"दोन?"

"मग? एकटा जाऊन काय करू?"

लेओनोरचा जीव भांड्यात पडला. दोघं पुढच्या जेटमध्ये चढली. शेजारी शेजारी जागा मिळाल्या, दोघांची तोंडं समोरच्या खुर्चीकडे. मान वळवल्याशिवाय त्याचा चेहरा दिसेना. लेओनोरची जुनी सवय अशी की आधी जगाची उणीदुणी काढायची आणि मनातलं काही असेल तर ते समुद्र दिसू लागल्यावर. आज जगाची उणीदुणी निम्मीही झाली नव्हती, तोच चाकं जमिनीला टेकली.

शिडी ती एकेक पायरी रेंगाळत उतरली. पलीकडे, दिव्याखाली, इलेक्ट्रा उभी होती. इथलाही बँड घरी गेला होता, पंखे थांबले होते. ओनोफ्रेने त्या म्हातारीकडे एकदा पाहिलं, मग शेवटच्या पायरीवर टोपीला हात लावला आणि चालू लागला.

"सेउ ओनोफ्रे!"

तो वळला.

"आपली पंधरा मिनिटं वाचलीत," लेओनोर म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "मला एकटीला ती खर्चता यायची नाहीत."

ओनोफ्रेने शिडीकडे बोट केलं. "पण दोना लेओनोर, तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. मूर्ख होते. आता मी शिडी उतरून खाली उभी आहे, दिसतंय ना? चला, कॉफी पाजा. आणि कागद काढा, नंबर लिहून घ्या."

ओनोफ्रेने बॅग खाली ठेवली आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच टोपी डोक्यावरून काढून हातात घेतली.

"कागद कशाला? नुसता सांगा," तो म्हणाला. "तुमचं एक वाक्य आठ वर्षं लक्षात ठेवलंय, नंबर विसरेन का?"