खुब्याचा फोटो

"नाही आजी, पाडल्यामुळे नाही," डॉक्टर अपर्णा म्हणाल्या. "हा खुबा जन्मतःच असा आहे."

हिंगोलीतल्या त्या हाडांच्या दवाखान्यात बाहेर कंपाउंडर नंबर पुकारत होता, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. अनुसूयाबाईंना वाटलं, या गलक्यात आपण भलतंच ऐकलं. त्यांनी पदर कानामागं सारला. डॉक्टरीणबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. हळू, एकेक शब्द सुटा करून.

अनुसूयाबाईंनी खुर्ची पुढं ओढली.

सकाळी शिरड शहापूरहून निघतानाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं. डॉक्टर विचारणार, 'हे कधीपासून?' तेव्हा काही लपवायचं नाही. धाकटी बहीण शिवकन्या आता सदुसष्टची झाली. जन्मभर डाव्या पायानं लंगडत आली, पण दिवाळीपासून तिला बसलं की उठता येईना, कुशीवर वळता येईना. शेवटी अनुसूयाबाईंचा लेक विश्वंभर गाडी घेऊन आला आणि दोघी बहिणींना मागच्या सीटवर बसवून निघाला. औंढ्यावरून जाताना अनुसूयाबाईंनी गाडीतूनच नागनाथाला हात जोडले. त्या स्वतः त्र्याहत्तरच्या. मागणं एकच होतं. म्या डोळे मिटायच्या आत हिचा पाय सरळ होऊ दे.

आणि डॉक्टरनं विचारल्यावर त्यांनी सांगूनही टाकलं होतं.

"मॅडम, म्याच पाडलं हिला. ही नऊ महिन्याची व्हती, म्या सहा वर्सांची. माय कापूस येचायला गेल्ती. लेकरू माझ्या कडंवर देऊन गेली. जोत्यावरून उतरताना माझा पाय निसटला, अन् ही दगडावर पडली. चालाया लागली ती अशीच, लंगडत."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली होती. सहासष्ट वर्षांत परक्या माणसापुढं हे बोलायची पहिलीच वेळ. आता ही शिकलेली बाई काय बोलायचं ते बोलू दे, अशा तयारीनं त्या बसल्या होत्या. आणि ती म्हणत होती, नाही.

"हे बघा." डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. काळ्यावर पांढरी, धुरकट हाडं दिसत होती. "हा मांडीच्या हाडाचा गोळा. तो या वाटीत बसायला हवा. पण तो इथं वर चढून बसलाय. आणि मूळची वाटी बघा, बशीसारखी उथळ. ती कधी घडलीच नाही."

"पडल्यावर फुटली आसंल," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"मग ही उजवी बाजू बघा. तीही उथळच आहे. तो खुबा जेमतेम टिकला, एवढंच. लेकरू एकदा पडल्यानं दोन्हीकडच्या वाट्या उथळ होत नाहीत, आजी." त्या शिवकन्येकडं वळल्या. "मावशी, तुमच्या जन्माच्या वेळी डोकं आधी आलं की पाय, काही सांगायचं का कुणी?"

विश्वंभर भिंतीला टेकून उभा होता. त्याला हसूच फुटलं.

"काय विचारून राहिल्या मॅडम! मावशी पायाळू हाय आमची. कंबरंत उसण भरली की लोकं हिची लाथ खायला येतेत. पार वारंगा फाट्यावरचे ट्रकवाले येतेत. लाथ खातेत, नारळ ठेवतेत अन् जातेत."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "कोणत्या पायानं मारता?"

"डाव्या," शिवकन्या म्हणाली. "उजव्यावर तर उभी राहते न मी."

"पायाकडून जन्मलेल्या बाळांत हा दोष जास्त दिसतो. मुलींत तर फारच. आता बाळ जन्मलं की मांड्या फाकवून तपासतात. सापडलं तर पट्टा बांधतात, काही महिन्यांत खुबा जागेवर बसतो. तेव्हा कोण तपासणार? आणि आजी, तुम्ही हिला कडेवर घेत होतात ना? मांड्या फाकवून कडेवर घेणं असल्या खुब्याला चांगलंच. वाईट काही केलं नाही तुम्ही."

पुढचं सगळं त्यांनी विश्वंभरला समजावलं. दुखण्याच्या गोळ्या, उजव्या हातात काठी, डाव्या चपलेला दोन बोटं जाड टाच, रोजचा व्यायाम, एवढ्यानं तकलीफ जरा कमी होईल. दुसरा रस्ता खुबा बदलण्याचा. इतक्या जुन्या खुब्याचं ऑपरेशन सोपं नसतं, ते नांदेडला मोठ्या दवाखान्यात करावं लागेल. पाय एकदम ओढून लांब करता येत नाही, शीर ताणली जाते. थोडं लंगडणं राहील, पण दुखणं जाईल. घाई नाही, घरी बोलून ठरवा. "आणि मावशी," त्या शेवटी म्हणाल्या, "ऑपरेशन केलं तर लाथा कायमच्या बंद."

अनुसूयाबाईंना यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं. त्यांच्या डोळ्यांपुढं ती बशीसारखी वाटी तेवढी राहिली होती.

विश्वंभर औषधं आणायला गेला. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. समोर एका म्हाताऱ्याच्या पायाचं प्लास्टर कापत होते, पांढरी भुकटी उडत होती.

नाही, म्हणे. मग शाळा काहून सोडली? गावच्या शाळेतल्या बंडू मास्तरांनी अनुसूयेला उशिरानं का होईना, दुसरीत घातलं होतं. पण शिवकन्या शाळेच्या वयाची झाली तेव्हा तिला चालत तिथवर जाता येईना. म्हणून अनुसूया तिला रोज कडेवर घेऊन जायची, पहिलीच्या वर्गात बसवायची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर बाभळीखाली थांबायची. शिवकन्या सातवी शिकली. अनुसूयाबाईंना आजही एसटीची पाटी वाचता येत नव्हती. औंढ्याच्या जत्रेत मायनं एकीसाठीच बांगड्या घेतल्या, त्या शिवकन्येलाच, हे विचारावंच लागलं नाही. उकंडरावांचं स्थळ आलं तेव्हा सोळा वर्षांच्या अनुसूयेनं पाहुण्यांसमोर तोंड उघडून सांगितलं होतं, "शिवकन्या संगं येणार आसंल तरच म्या येते." उकंडराव भला माणूस, हसून व्हय म्हणाला. पण सासूनं मरेस्तोवर दोन ताटांचा हिशेब ऐकवला. आणि रोज संध्याकाळी त्या पायाला तेल. उन्हाळा असो, बाळंतपण असो, तेल चुकलं नाही.

सारं गाव शिवकन्येची लाथ खाऊन गेलं. अनुसूयाबाईंनी मात्र कधी खाल्ली नाही. कितीदा कंबर धरली, वीट तापवून शेकली, पण त्या पायाखाली आडव्या झाल्या नाहीत. जो पाय आपण मोडला, तो कोणत्या तोंडानं पाठीवर घ्यायचा?

आणि मग त्यांना एक गोष्ट जाणवली. मघाशी डॉक्टर 'जन्मतःच' म्हणाल्या तेव्हा विश्वंभर चमकला होता, त्या स्वतः चमकल्या होत्या. शिवकन्या चमकली नव्हती. ती नुसती फरशीकडं बघत होती.

"शिवे."

"काय, अक्का?"

"तुला म्हाईत व्हतं."

शिवकन्येनं काखेतल्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"काहून बोलत न्हाईस? म्हाईत व्हतं का न्हाई?"

"माय गेली त्या वर्सी," शिवकन्या म्हणाली. "तू आडावर गेल्तीस. मायनं हात धरला. म्हणली, पहिल्या आंघोळीपासून तुझ्या पायात कट्ट वाजायचं. सुईण बोलली व्हती, पोरीचा पाय ढिला हाय म्हून. मायनं तिच्या हातापाया पडून तिला गप केलं. आपली आजी मायला म्हणली असती, हिच्या पोटातूनच खोट घेऊन लेकरू आलं. मग तू पाडलंस." तिनं पिशवीचा बंद सोडला. "माय म्हणली, देवानंच कारण दिलं तवा."

अनुसूयाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. माय! कापूस वेचून आली, रडणारं लेकरू उचललं, आणि सहा वर्षांच्या पोरीकडं बघून साऱ्या घरासमोर म्हणाली, 'पाय मोडलास ग हिचा.' तेव्हा मायच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी कशाचं होतं, ते आज कळत होतं.

"माय गेली त्याला बत्तीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्सं गिळून बसलीस? माझं तेल लावून घेत बसलीस?"

"सांगितलं असतं तर ठिवलं असतंस मला?"

"काय?"

"तू मला घरात काहून ठिवलंस, ते मला ठाव व्हतं अक्का. मी पडले म्हून ठिवलंस. पडलेच न्हाई म्हणल्यावर मी कोण? तुझ्या सासूनं दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून दिलं असतं. अन् तू..." तिनं मान फिरवली. "तू काय केलं असतंस ते विचारायची हिंमत न्हाई झाली."

अनुसूयाबाईंनी तोंड उघडलं. 'ठिवलंच असतं की,' असं म्हणायचं होतं. त्यांनी पदर ओठांवर दाबला. खोटं असतं असंही नाही, खरं असतं असंही नाही. त्यांनी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर औंढ्याला विश्वंभरनं गाडी हळू केली. "चहा घेयाचा का, माय?" मागं दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यानं आरशातून बघितलं आणि गाडी तशीच पुढं काढली.

घरापुढं गाडी थांबली. पन्नास वर्षं दोघी कुठूनही उतरल्या की अनुसूयाबाई आधी उतरायच्या, डावीकडून जायच्या आणि खांदा पुढं करायच्या. आज त्या उतरल्या आणि सरळ दाराकडं चालू लागल्या. मागं गाडीचं दार धरून शिवकन्या उभी होती, ते त्यांना न बघताच कळत होतं.

बाजूला कुणाचा भार नव्हता. तरी त्यांचा उजवा खांदा आपोआप खाली झुकलेलाच होता. त्यांनी तो सरळ करायला पाहिला. पायरीवर पाय टाकला आणि कंबरेत अशी कळ आली की त्या दाराच्या चौकटीला धरून जागीच अडकल्या.

"माय!" विश्वंभर धावला. "उसण भरली का?"

"सोड मला. तिला आण."

तो गोंधळला. पण त्यानं मावशीला हात दिला आणि आणलं. तोवर अनुसूयाबाईंनी कशीबशी सतरंजी ओढली होती आणि तिच्यावर पालथ्या पडल्या होत्या. गाल जमिनीला टेकला होता. तिथून त्यांना शिवकन्येची पावलं दिसत होती. उजवं पूर्ण टेकलेलं, डावं चवड्यावर.

"मार लाथ," त्या म्हणाल्या.

"अक्का, असं काय करून राहिलीस?"

"साऱ्या गावाला मारतीस न? नांदेडला गेल्यावर तुझ्या लाथा बंद हायेत. मी काय गावाच्या बाहेरची हाय?"

शिवकन्येनं खुंटीला धरलं. मग कमरेवर काहीतरी टेकलं. हलकं, गरम. रोज तेल लावलेला पाय. त्याच्या चवड्याची प्रत्येक भेग अनुसूयाबाईंना पाठ होती. पाठीवर मात्र तो पहिल्यांदाच आला होता.

"ठिवलं असतं का न्हाई, मला ठाव न्हाई," जमिनीकडं तोंड करून त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण आता कुठं जाणार तू? विश्वंभर, नांदेडची तारीख घे."

"घेतो, माय."

वर शिवकन्या रडत होती, ते पायातून कळत होतं.

"अन् ही काय लाथ झाली का ग?" अनुसूयाबाई ओरडल्या. "माशी बसल्यागत! मार म्हणलं न जोरात. सहासष्ट वर्सांची उसण हाय ही."

शिवकन्येनं डोळे पुसले, खुंटी घट्ट धरली आणि पाय उचलला.