पाळीवरचं निळं

धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, धुरपताबाईंचा हात आंधळगावात एक नंबर, असं गाव म्हणायचं आणि धुरपताबाई स्वतःही म्हणायच्या; गावापेक्षा त्याच जास्त वेळा म्हणायच्या. त्यामुळे जमिनीतून जे काही वर येतं त्यावर पहिला हक्क आपला, अशी त्यांची पक्की समजूत होती. सगळा घोटाळा झाला तो या समजुतीपायी.

त्यांची सून डिंपल माहेरची बपेऱ्याची. तिला फुलांचं भारी वेड. यंदा तिनं नागपूरहून ल्युपिन नावाच्या फुलाच्या बियांच्या दोन पुड्या मागवल्या. एकीत बागेतल्या जाती होत्या, गुलाबी, पांढऱ्या, दुरंगी. दुसरीत त्यांचं मूळचं जंगली झाड, निळ्या फुलांचं, एका हंगामात उगवून, फुलून संपणारं. फेब्रुवारीत भंडाऱ्याला फुलांचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथलं एक टेबल डिंपलला हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. धुरपताबाईंनी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, "जाय, भर नाव. तुले कोण अडवून राहिलं?"

दिवाळी झाल्यावर डिंपलनं दोन्ही पुड्या एकाच गंजात, पातेल्यात, भिजत घातल्या. सकाळी झाकण काढलं सासूबाईंनी. अर्धं बी टम्म फुगलेलं, अर्धं जसंच्या तसं, खड्यासारखं टणक. धानाचं पोचट बी निवडून फेकण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी टणक बी वेगळं केलं, पदरात घेतलं आणि बकऱ्या चारायला गेल्या तेव्हा बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर चढून पलीकडच्या उतारावर, मुरमात भिरकावून दिलं.

"मेलं बी होतं, फेकलं म्या," त्यांनी घरी येऊन सांगितलं. डिंपललाही वाटलं, जुना माल आला असेल. उरलेलं बी तिनं अंगणातल्या वाफ्यात पेरलं.

रोपं अशी काही तरारून आली, की धुरपताबाई चहाचा कप घेऊन तिथंच उभ्या राहायच्या. त्यांना एकच खटकायचं, फार दाटी झाली होती. पुढे डिंपल आठवडाभर माहेरी गेली आणि बाईंचे हात शिवशिवायला लागले. धानाच्या रोपांचे दाट पऱ्हे दिसले की उपटायचे आणि चिखलात ओळीनं रोवायचे, याहून साधी गोष्ट जगात नव्हती. सून येईल, बघेल आणि खूश होईल, या आनंदात त्यांनी अख्खा वाफा उपटला, परसात पाणी सोडून चिखल केला आणि दोरी लावल्यासारखी सरळ रोवणी केली. कैलाशला, म्हणजे मुलाला, हाक मारून दाखवलीसुद्धा.

दोन दिवसांत सगळी रोपं आडवी झाली.

डिंपल आली. तिनं एक रोप उचलून पाहिलं. "आई, याची मुळी सरळ खोल जाते. तुटली का झाड गेलंच. याले चिखल चालत नाही." बस, एवढंच बोलली. रडली नाही, आदळआपट केली नाही, आणि धुरपताबाईंना तेच सोसवेना. दुसरं बी मागवावं तर हंगाम निघून गेलेला. नाव मात्र प्रदर्शनात तसंच राहिलं. सुनेच्या नावाची चिठ्ठी लावलेलं रिकामं टेबल बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. सरळ ओळी लावणाऱ्या आपल्या हातांचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्या बकऱ्या घेऊन बोडीवर गेल्या. रोज अलीकडेच बसायच्या, पण आज एक बकरी पलीकडच्या टोकाला पळाली. तिच्या मागं शिव्या देत पाळ चढल्या आणि शिवी तोंडातच राहिली.

निळं! मुरमाच्या उतारावर निळंच निळं! पंज्यासारखी पानं आणि त्यांतून वर निघालेले निळ्या फुलांचे तुरे, कणसासारखे भरगच्च. बकरीनं एक पान तोडलं, चावलं आणि थुंकून टाकलं. कडू होतं म्हणूनच वाचलं होतं सगळं.

"अगे माय वो!" धुरपताबाई एकट्याच ओरडल्या. त्या खाली बसल्या, सवयीनं मूठ रोपाच्या बुडाशी गेली, एक झटका दिला की मुळासकट हातात आलं असतं. आणि हात थांबला. त्यांनी चटका बसल्यासारखी मूठ सोडली, बकऱ्या देवाच्या भरवशावर टाकल्या आणि लुगडं खोचून घराकडं धूम ठोकली. गुडघे दुखतात, हे त्या साफ विसरल्या.

"डिंपल! चाल! काही विचारू नको, चाल!"

पाळीवर पोचल्यावर डिंपल मटकन खालीच बसली. हसावं की रडावं तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. "आई, हे जंगली हाय! याच्या बियाचं टरफलच टणक राहत असंन. मुरमात, बकऱ्यांच्या खुरांनी घासलं गेलं आन् उगवलं! म्हणजे तुमी फेकलेलं बी मेलं नव्हतंच!"

"म्या हातपण नाही लावला. तूच पाय, कसं न्यायचं ते."

"तुरे कापून न्यायचे. झाडं राहू द्यायची," डिंपल म्हणाली आणि सासूच्या गळ्यातच पडली.

भंडाऱ्याच्या मंडपात शेवंती, झेंडू, गुलाब यांची टेबलं ओळीनं मांडलेली. मधोमध डिंपलच्या टेबलावर धुरपताबाईंच्या लग्नातला पितळी गडवा, तांब्या, चिंचेनं घासून लखलखीत केलेला आणि त्यात निळे तुरे. माणसं शेवंती सोडून इकडं वळत होती. धुरपताबाई मागं खुर्चीवर, पदर सावरत, गर्दी बघून फुललेल्या.

परीक्षक बाई आल्या. वाकून बघत म्हणाल्या, "हे तर जंगली ल्युपिन! आपल्याकडं कुणी लावत नाही. पेरणी कशी केलीत?"

डिंपलनं सासूला हाताला धरून पुढं आणलं. टेबलावरच्या चिठ्ठीवर तिच्या नावाच्या वर, ताज्या शाईत, दुसरं नाव लिहिलेलं होतं: धुरपताबाई.

स्वतःचं नाव ओळखण्यापुरतं धुरपताबाईंना वाचता येत होतं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, घसा खाकरला आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"फेकलं म्या!"