घोंगडीला पडलेलं भोक

मी एक जुनी, काळी, अंगाला टोचणारी घोंगडी आहे, आणि मित्रांनो, खरं सांगते, मी भित्री आहे. आधी अशी नव्हते. आता मात्र अंगणात साधी माशी घोंगावली तरी माझा केस न् केस ताठ होतो. असं का झालं ते सांगायचं तर पार मेंढीच्या पाठीपासून सुरुवात करावी लागेल.

बोरीच्या माळावर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर बायनाबाई नावाच्या धनगरणीने कातली. तिच्या नवऱ्याने मागावर मला विणलं आणि चिंचोक्याची खळ चोळून असं कडक केलं की बस्स. बाजारात माझे आताचे मालक चन्नप्पा यांच्या वडिलांनी मला उचललं. मग मी त्यांच्याबरोबर ज्वारीच्या राखणीला गेले, पावसात त्यांच्या डोक्यावर खोळ झाले, पाहुणे आले की बैठक झाले. "असली घोंगडी पुन्ना व्हायची न्हाई," असं म्हणत ते माझ्यावरून हात फिरवायचे. मीही तेव्हा जरा तोऱ्यातच असायचे.

पुढे ते वारले. चन्नप्पांनी किराणा दुकान थाटलं, घरात फुलाफुलांची मऊ ब्लँकेटं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. सुरुवातीला चन्नप्पांची बायको उमादेवी दरवर्षी मला उन्हात टाकायची, घडीत कडुलिंबाचा पाला घालायची. मग कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं आणि मला कसर लागली. अंधारात कुणीतरी आपल्याला कुरतडतंय आणि आपल्याला ओरडता येत नाही, ही भीती फार वाईट. कुरतडता कुरतडता माझ्या मधोमध अंगठा जाईल एवढं भोक पडलं. घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

यंदा आमच्या घरी आइनो आली. फिनलंड नावाच्या बर्फाळ देशातली ही पोर वर्षभर चन्नप्पांकडे राहून शिकणार होती, आणि पुढच्या वर्षी चन्नप्पांची लेक त्रिवेणी तिच्या घरी जाणार होती. पहिल्याच दिवशी आइनोने खुणा करून, मोबाईलवर चित्र दाखवून एक गोष्ट सगळ्यांना बजावली. मधमाशी चावली की तिचा घसा सुजतो, श्वास कोंडतो, जिवावर बेततं. त्यावरचं इंजेक्शन तिच्या पाठीवरच्या पिशवीत असायचं. उमादेवीने त्या पिशवीला लाल दोरा बांधला, म्हणजे घाईत चुकायला नको. हे सगळं मी माळ्यावरून ऐकलं आणि ऐकूनच मला धडकी भरली.

मग सहलीचा दिवस आला. जिल्ह्यात ठिकठिकाणी राहणाऱ्या परदेशी मुलांना चारठाण्याची जुनी देवळं दाखवायची ठरली होती. चन्नप्पांनी मला माळ्यावरून काढून जीपमध्ये टाकलं.

"अप्पा, ती घोंगडी कशाला घेयलाव? समदे हसतेत," त्रिवेणी कुरकुरली.

"हसू दी. जेवायला बसायला लागती का न्हाई?" चन्नप्पा म्हणाले.

लाजेने मी आणखी काळी झाले असते, पण ते शक्य नव्हतं. आइनोने मात्र मला मांडीवर ओढलं, माझ्यात नाक खुपसलं आणि अडखळत म्हणाली, "आमच्या घरी... मेंढी... असाच वास." किती वर्षांनी कुणीतरी मला जवळ घेतलं होतं! देवगाव फाट्यावर बाकीच्या जीपा भेटल्या, चहा झाला आणि आम्ही चारठाण्याच्या वाटेला लागलो.

देवळं बघता बघता दुपार झाली. शेवटचं देऊळ गावाबाहेर, महादेवाचं. समोर लिंबाच्या सावलीत मला अंथरलं आणि आइनो नेमकी माझ्या भोकावर बसून खांबांची चित्रं काढू लागली. पिशवी जीपमध्येच राहिली होती. लाल दोरा मला तिथून दिसत होता.

चन्नप्पांच्या घराण्यात कुणी महादेवापुढे रिकाम्या हाताने उभं राहत नाही. घरून निघताना त्यांनी धूप, कोळसे आणि धुपाटणं बरोबर घेतलंच होतं. "पोरगी इतक्या लांबून आली, तिच्या नावानं चांगला धूप घालतो," असं म्हणत ते गाभाऱ्यात गेले. मायेपोटी त्यांनी धूपही मूठभर जास्तच घातला. धूर छताच्या फटीतून वर चढला. शिखराच्या मागच्या अंगाला, आमच्या कुणाच्या नजरेत न आलेलं आग्यामोहोळ लटकत होतं.

आधी नुसती गुणगुण आली. मग दळणाच्या गिरणीसारखा आवाज झाला आणि ऊन काळवंडलं.

"पळा! जीपमधी बसा!" चन्नप्पा ओरडत बाहेर आले. पोरं धावली. जीपांची दारं धडाधड लागली. त्रिवेणी अगदी दाराशी पोचली होती. तिने मागे वळून पाहिलं तर आइनो जागच्या जागी खिळून बसलेली, हातात पेन्सिल तशीच.

त्रिवेणी परत फिरली. तिने आइनोला ढकलून आडवं केलं, मला खस्सकन ओढलं आणि दोघी माझ्याखाली शिरल्या. "हलू नकू! बिलकुल हलू नकू!" ती कुजबुजत होती.

मित्रांनो, माझ्या पाठीवर मधमाश्यांचा थर बसला. त्या डंख मारत होत्या, माझ्या जाड लोकरीत अडकत होत्या, फडफडत होत्या. मला त्याची पर्वा नव्हती. मला भीती होती ती माझ्या भोकाची. ते नेमकं आइनोच्या मानेवर आलं होतं. ओरडून सांगावं तर मला तोंड नाही!

एक माशी आत आली. अंधारात तिची गुणगुण थांबली, म्हणजे ती कुठेतरी बसली होती. भोकातून येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यात त्रिवेणीला ती दिसली. आइनोच्या मानेवर. त्रिवेणीने हलकेच हात नेला आणि माशी मुठीत धरली. ती डसली. त्रिवेणीने ओठ चावला, पण मूठ सोडली नाही. तीच मूठ तिने माझ्या भोकात दाबून बसवली. बाहेरच्या माश्या त्या मुठीवर तुटून पडल्या. त्रिवेणी रडत होती, पण मूठ तिथेच होती.

किती वेळ गेला कोण जाणे. आवाज विरळ झाला तेव्हा ड्रायव्हरने जीप अगदी आमच्या अंगाशी आणून लावली आणि चन्नप्पांनी दोघींना माझ्यासकट आत ओढलं. त्यांचा स्वतःचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. "कुटं चावली का तुला? बोल की माय!" ते आइनोला पुन्हा पुन्हा विचारत होते. आइनोला एकही डंख नव्हता.

दवाखान्यातून घरी आल्यावर उमादेवीने त्रिवेणीचा भाकरीसारखा फुगलेला हात पाहिला. मग मला उलगडून भोक पाहिलं आणि त्यात बोट घालून बघितलं. "लिंबाचा पाला घालायचा राहिला गं माझा," एवढंच ती म्हणाली.

आइनोने आपल्या टोपीची लाल लोकर उसवून ते भोक रफू केलं. काळ्या अंगावर तो लाल ठिपका उठून दिसतो, पण मला आवडतो. त्रिवेणी आता मला स्वतः उन्हात टाकते.

मित्रांनो, मला पांघरू नका, माझं कौतुकही करू नका. फक्त तुमच्या घरातल्या जुन्या गोष्टी वर्षातून एकदा उजेडात उलगडून बघा. भोक कुठे पडलंय ते वेळेवर कळू द्या. दर वेळी ते बुजवायला कुणाची तरी मूठ असेलच असं नाही.