उसण आणि वाटाणे

नसबंदी करून घरी आलो त्याच दिवशी माझ्या बायकोने, जॉसने, मला खोटं पढवलं. "बाबांना सांग, लोकरीची गासडी उचलताना पाठीत उसण भरली."

तिचे बाबा क्लॅरी कुंपणापलीकडे राहतात. तीन नाती आहेत, पण नातू हवा म्हणून हट्ट. रविवारी ताटात मटण पडलं की म्हातारा जॉसला विचारणारच, "मग, चौथ्याचं काय?" जसा काही मुलगा न होणं हा तिचाच गुन्हा. धाकटीच्या वेळी रक्त थांबेना आणि जॉस मरता मरता वाचली. खरं कळलं तर तो मला काही बोलणार नाही, सगळं खापर तिच्या माथी फोडेल. मला तेच नको होतं.

मी सोफ्यावर पडलो होतो, सूज उतरावी म्हणून मांडीत गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी. म्हातारा न सांगता आत आला आणि टोपीसुद्धा न काढता बघत राहिला.

"काय जावईबापू, दुखतंय कुठे?"

"पाठ."

"मग वाटाणे पुढे कसे?"

"कळ पुढे येते."

"हं," म्हणाला. त्याचं ते 'हं' मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत हजर. ह्या खेपेला चहा पिताना सारखी नजर माझ्या गुडघ्यांवर. जॉस पोरींना आणायला शाळेत गेली होती, आणि मला खात्री आहे, म्हातारा तिच्या जाण्याचीच वाट बघत होता.

"चल, फाटकापर्यंत. नवा मेंढा आणलाय, बघून घे."

"आज नको, क्लॅरी."

"उसण चालल्याने मोकळी होते. ऊठ."

नाही म्हणालो तर संशय पक्का. म्हणून उठलो. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून निघालो, शक्य तेवढा सरळ. म्हातारा मुद्दाम मागे राहिला. फाटकाशी पोचलो तर मेंढा नाही, काही नाही. तिथे उभ्या त्याच्या गाडीचा मागचा हौदा रिकामा.

"जन्मभर कोकरं खच्ची केली मी," तो मागून म्हणाला. "सोडली की अशीच चालतात. पाय फाकून, कुणी बघत नाही असं दाखवत."

माझा चेहरा तापला. रागही आला, सापळा लावून पकडलं म्हणून.

"जॉसने करायला लावलं?"

"नाही! मीच ठरवलं. मागच्या वेळी ती गेली असती, क्लॅरी. चौथ्याच्या नादात मला बायको घालवायची नाही."

तो गाडीत बसला आणि निघून गेला. मला वाटलं, झालं, आता रविवारी जॉसची धडगत नाही. संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. "तू बोलू नकोस," म्हणाली, "मी ऐकून घेईन."

रविवारी भाजलेलं मटण कापलं, रस्सा ओतला, बटाटे वाढले, शेजारी वाटाणे. पोरी बडबडत होत्या. म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला आणि जॉसकडे बघितलं.

"एक विचारू?"

जॉसने टेबलाची कड धरली. "विचारा, बाबा."

त्याने ताटातले वाटाणे सुरीच्या टोकाने हळूच बाजूला सारले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वाटाण्यांकडे.

"हे कुठल्या पिशवीतले?"