खिडकीतला फ्रीझर

उन्हाळ्यात पुस्तकांच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते पंख्यासाठी. हे ताईला पक्कं ठाऊक होतं, पण कुणी तोंडावर म्हटलेलं तिला खपत नसे. माणूस आत यायचा, पंख्याच्या बरोबर खाली जे कपाट असेल त्याच्यापुढे उभा राहायचा आणि गंभीर चेहरा करून एखादं पुस्तक उघडायचा. पंख्याखाली नेमकी जनावरांच्या आजारांवरची पुस्तकं होती. त्यामुळे दर उन्हाळ्यात निम्मं गाव म्हशींच्या पोटफुगीबद्दल तन्मयतेनं वाचत असायचं. म्हैस कुणाकडेच नव्हती.

ताईला सगळेच ताई म्हणायचे, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते तेसुद्धा. दारात पाऊल टाकलं रे टाकलं की ती विचारायची, "हात पुसले का?" दाराजवळ खुंटीला टॉवेल टांगलेला होता. घामट हातांनी पुस्तकाला शिवायचं नाही, हा नियम. आता असं विचारणाऱ्या बाईला ताई नाही तर काय म्हणणार?

दुकानाच्या दर्शनी खिडकीत कवितांचं शेल्फ होतं. वडिलांच्या वेळेपासून तिथंच. कविता कुणी घेत नसे, पण ताई त्यांना आत हलवू देत नसे. "आत ठेवल्या म्हणून खपणार आहेत का?" ती म्हणायची. "नाही ना? मग राहू देत बाहेर. निदान उजेड तरी मिळतो बिचाऱ्यांना."

दुकान वडिलांनी दोन्ही मुलांच्या नावावर केलं होतं आणि मग ते सुटले होते. अडकली ती ताई, कारण दुसरं मूल म्हणजे धाकटा. हा धाकटा चाळिशी ओलांडून गेला तरी धाकटाच राहिला होता, आणि दर उन्हाळ्यात त्याच्या डोक्यातून एक कल्पना बाहेर पडायची. एका वर्षी त्यानं दुकानात रंगीत मासे विकायला ठेवले होते. बालवाङ्मयाचा कोपरा अजून दमट लागतो.

या वर्षीची कल्पना होती फ्रीझर. आडवा, पेटीसारखा, वर काचेचं सरकतं झाकण, आत आईस्क्रीम.

"खिडकीतच ठेवायचा," धाकटा म्हणाला. "रस्त्यावरून दिसला पाहिजे."

"खिडकीत कविता आहेत."

"अगं ताई, खिडकीतल्या कवितांकडे बघून कुणी थांबलेलं पाहिलंयस कधी?"

"परवाच एकजण थांबला होता."

"तो काचेत बघून भांग पाडत होता! मी बघितलं."

शेवटी तह झाला. उन्हाळाभर खिडकी अर्धी-अर्धी. उन्हाळा संपेपर्यंत गर्दी कुठं होते ते बघायचं. फ्रीझरपाशी झाली तर खिडकी कायमची धाकट्याची आणि कविता माळ्यावर. पुस्तकांपाशी झाली तर फ्रीझर परत. ताई तावातावानं हो म्हणाली आणि म्हणता क्षणीच पस्तावली.

फ्रीझर खिडकीत येऊन बसला, तेव्हा उरलेल्या अर्ध्या खिडकीत कविता नीट लावायच्या म्हणून तिनं स्वतः शेल्फ रिकामं करायला घेतलं. तेव्हा एका पुस्तकाच्या पाठीतून काहीतरी चंदेरी सळसळत निघालं आणि दुसऱ्यात शिरलं. कसर! पुस्तकवाल्याला वाघ परवडला, कसर नको. धाकट्याच्या कानावर गेलं असतं तर तो म्हणाला असता, शेल्फच्या शेल्फ उचल आणि टाक बाहेर, नाहीतर सगळ्या दुकानात पसरेल. आणि पैज तिथंच आटोपली असती.

कसर मारायचा एक उपाय पुस्तकवाल्यांना माहीत असतो. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं आणि आठवडाभर बर्फात ठेवायचं. किडा मरतो, पानाला धक्का लागत नाही, औषधाचा वासही नाही. फक्त एवढी थंडी आणायची कुठून?

ताईनं मान वर करून पाहिलं. खिडकीत धाकट्याचा नवाकोरा फ्रीझर गुणगुणत होता.

दुपारी धाकटा जेवून घोरायला घरी गेला, तेव्हा तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि खिडकीतल्या सगळ्या कविता पिशव्यांत बांधून फ्रीझरच्या तळाशी रचल्या. वर आईस्क्रीमच्या कपांचा जाड थर. थर असा नीट लावला की शंका यायला नको, आणि मग पडदा पुन्हा उघडला. आठवडा निभावला की झालं.

निभावला असता, पण डॉक्टर आले.

डॉक्टर दातांचे होते, आणि कवी होते. ही दोन्ही कामं ते एकदमच करायचे. माणसाला खुर्चीत मागं रेलवायचं, तोंडात कापूस भरायचा, आणि मग ताजी कविता म्हणून दाखवायची. श्रोत्याला नको म्हणता येत नसे. 'आ' म्हणायचा तेवढी दाद समजून डॉक्टर पुढचं कडवं घ्यायचे. त्यांनी स्वतःच्या खर्चानं संग्रह काढला होता. त्याचं नाव इतकं लांब होतं की मुखपृष्ठावरून ते मागच्या बाजूला गेलं होतं, डॉक्टरांच्या फोटोखाली. त्याचा मोठा गठ्ठा ताईच्या खिडकीत होता, आणि रोज संध्याकाळी डॉक्टर "सहज" चक्कर मारून तो कमी झालाय का ते बघायचे. कधीच झाला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी खिडकीत पाहिलं आणि ते थबकले. शेल्फ रिकामं.

"ताई!" ते आत आले ते हात न पुसताच. "गेल्या?"

ताईनं तोंड उघडलं. पण स्टुलावर धाकटा बसला होता, कान टवकारून.

"गेल्या," ती म्हणाली.

"सगळ्या? माझ्यासकट?"

"तुमच्यासकट."

डॉक्टरांनी पंख्याखालचं कपाट धरलं. म्हशींवरचं एक पुस्तक खाली पडलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ताईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, नाहीतर निदान फ्रीझरनं तरी.

"धाकट्या," डॉक्टर म्हणाले, "या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला आज माझ्याकडून आईस्क्रीम!"

धाकटा स्टुलावरून असा उठला की स्टूल मागं पडलं. "ताई, तू वाट तोपर्यंत, मी स्कूटरवरून आणखी माल घेऊन येतो!" आणि गेलासुद्धा.

बातमी पसरायला फार वेळ लागला नाही. समोरचा सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर साबण तसाच ठेवून आला, आणि मागोमाग अर्धी दाढीही आली. शिलाईकाकू गळ्यातल्या टेपसकट आल्या. मग उरलेला रस्ता आला.

ताई फ्रीझरपुढे भिंतीसारखी उभी राहिली. "हात पुसले का?" ती प्रत्येकाला विचारत होती.

"अगं, आईस्क्रीम खायचंय, पुस्तक नाही!" शिलाईकाकू म्हणाल्या.

"पुसा तरी."

एकच टॉवेल, एवढी माणसं. तरी थर उतरतच होता. तिनं शेवटचा उपाय केला. "डॉक्टर, इतकं गार दातांना बरं नाही हो. तुम्हीच सांगता ना?"

"खाऊ दे! खाऊ दे सगळ्यांना!" डॉक्टर म्हणाले. "उद्या येतीलच माझ्याकडे!"

ताईचा हात फार हळू चालतोय असं बघून ते स्वतःच पुढं झाले. "बाजूला व्हा तुम्ही, दमलात." त्यांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. एक कप सलूनवाल्याला दिला, एक काकूंना दिला, आणि मग स्वतःसाठी म्हणून जे वर काढलं ते चौकोनी होतं. बर्फानं पांढरंफटक.

"हा कुठला फ्लेवर?" सलूनवाल्यानं विचारलं.

डॉक्टरांनी पिशवीवरचं हिव अंगठ्यानं पुसलं. आतून त्यांचाच फोटो त्यांच्याकडे बघायला लागला.

दुकानात फक्त चमच्यांचा आवाज येत होता.

"ताई," डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "तुम्ही म्हणालात, सगळ्या गेल्या."

"गेल्याच होत्या. खिडकीतून."

"फ्रीझरमध्ये?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. खिडकी गेली तर जाऊ दे, असा चेहरा करून ताईनं सांगून टाकलं. "कसर लागली होती, डॉक्टर. थंडीत मरते ती. औषध मारलं असतं तर पानांना वास लागला असता. तुमच्या पानांना वास लागू दिला असता का मी?"

डॉक्टरांनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. "सगळ्याच कवींना लागली होती?"

"नाही. जास्त तुमच्यातच होती."

"शेजारी ते मोठेमोठे कवी होते ना? नावाजलेले?"

"खांद्याला खांदा लावून."

"आणि त्यांना..."

"तोंडसुद्धा लावलं नाही."

डॉक्टरांची पाठ जरा ताठ झाली. काकूंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. "म्हणजे कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतलं म्हणायचं तुम्हाला."

कसरीला कवितेपेक्षा बांधणीतली खळ आवडते, आणि डॉक्टरांनी छापखान्यात स्वतः उभं राहून भरपूर खळ घालून घेतली होती, हे ताईला माहीत होतं. ते तिनं आईस्क्रीमच्या घासाबरोबर गिळून टाकलं.

सलूनवाल्यानं तोपर्यंत डॉक्टरांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं होतं. त्यानं ते मानेला लावलं, आणि त्याचे डोळे मिटले. "आई गं," तो म्हणाला. "याला म्हणतात साहित्य."

मग काय विचारता! ज्याला कप मिळाला नव्हता त्याला संग्रह मिळाला. कुणी कपाळाला लावला, कुणी पोटाला. काकूंनी दोन घेतले, एकेका गुडघ्यावर एकेक. अर्ध्या दाढीनं कोऱ्या गालाला लावला.

"उघडू नका!" ताई ओरडली. "पिशवी आत्ता काढलीत तर पानं भिजतील. गारवा जाईपर्यंत बसा, मग काय ते उघडा."

बसा म्हटल्यावर लोक बसले. ऊन रस्त्यावरून सरकून सलूनच्या पायरीपर्यंत गेलं तरी बसले होते. पुस्तकं कोमट झाली, पिशव्या सुटल्या, आणि करायला दुसरं काहीच नसल्यामुळे लोक वाचायला लागले.

थोड्या वेळानं सलूनवाल्यानं डोकं वर केलं. "डॉक्टर, ही अक्कलदाढेला निरोप दिलाय ती कविता. ही माझीच दाढ ना?"

"तुमचीच," डॉक्टर लाजून म्हणाले.

"मग मला सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं. पूर्ण म्हणून दाखवली होती. तुमचं तोंड उघडं होतं."

दुकानात एकदम पानं फडफडायला लागली. जो तो आपला दात शोधत होता. काकूंच्या पुढच्या दातांतली फट मधल्या पानांत सापडली. अर्ध्या दाढीची कीड तर दोन पानं व्यापून होती, तिला वृत्तही चांगलं मोठं मिळालं होतं. "माझ्या सासूची कवळी आहे यात!" कुणीतरी मागून किंचाळलं. आणि एकदा आपला दात छापलेला दिसल्यावर ते पुस्तक परत शेल्फवर ठेवायचं कोण? ताईच्या टेबलापुढे रांग लागली. "घरी नेऊन पुन्हा आठवडाभर बर्फात ठेवा," असं ती प्रत्येकाला बजावत होती.

त्याच वेळी धाकटा माल घेऊन दारात आला. दुकान तुडुंब, आणि फ्रीझरच्या तळाशी उरलेले फक्त मोठमोठे कवी.

"आईस्क्रीम?"

"संपलं."

"मग ही गर्दी कशाची?"

"दातांची," ताई म्हणाली, आणि नाइलाजानं कसरीचीही हकीगत सांगितली.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बोट वर केलं. "ते काही असो. गर्दी माझ्या फ्रीझरपाशी आहे. मी जिंकलो."

"आणि गर्दीच्या हातात काय आहे?"

"फ्रीझरमधून काढलेलं आहे!"

"पण पुस्तक आहे!"

भावंडांचं हे बराच वेळ चाललं. गर्दीनं दोघांनाही आळीपाळीनं पाठिंबा दिला. शेवटी ताईनं धाकट्याच्या हातातला संग्रह पाहिला. भांडता भांडता त्यानं तो कधी उचलला कुणास ठाऊक, आणि बोटानं ओळी चाळत होता.

"काय शोधतोयस?"

"कुठं काय!" तो म्हणाला. मग पडेल आवाजात, "माझा नाहीये यात एकही."

"नसणारच! भित्रा कुठला, कधी गेलायस त्यांच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा डॉक्टरांच्या खुर्चीत 'आ' करून पडला होता. दात ठणठणीत होते. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, विषय म्हणून तेही चालतात.

खिडकीचा निकाल ताईनं त्याच सकाळी लावून टाकला, धाकट्याचं तोंड उघडं असताना. फ्रीझर खिडकीतच राहिला, अख्खी खिडकी अडवून, आईस्क्रीमनं काठोकाठ भरलेला. आणि त्याच्या काचेच्या झाकणावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताईनं सगळ्या मोठमोठ्या कवींना मांडून ठेवलं. आईस्क्रीम हवं असेल तर आधी कविता उचलाव्या लागतात. टॉवेल आता फ्रीझरच्याच मुठीला टांगलेला असतो.